बापाची झाली नाही, ती तुझी काय होणार?

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकात डेस्डिमोना संशयी नवऱ्याच्या हातून मरते, आणि त्या मरणाची सुरुवात तिच्या बापाच्या तोंडून होते. पहिलाच अंक, व्हेनिसच्या सत्ताधीशांचा भरलेला दरबार. पोरीनं बापाला न सांगता ऑथेल्लो या काळ्या सेनापतीशी लग्न लावलंय आणि ड्यूकसमोर उभं राहून आपला कौल नवऱ्याच्या बाजूनं दिलाय. बापाचं आता काही चालण्यासारखं नाही. निघताना ब्रॅबॅन्शिओ जावयाला बजावतो, की डोळे असतील तर हिच्यावर नजर ठेव. हिनं बापाला फसवलं, तुलाही फसवेल. ऑथेल्लो तिथल्या तिथं उत्तर देतो, की तिच्या निष्ठेवर मी माझा प्राण लावतो. आणि त्याच दमात, बायकोला मागून सायप्रसला घेऊन येण्याची जबाबदारी तो आपल्या हाताखालच्या ‘प्रामाणिक’ इयागोवर टाकतो. इयागो तिथंच उभा आहे. बापाचं वाक्य त्यानं नीट ऐकून ठेवलेलं आहे.

तिसऱ्या अंकात, डेस्डिमोनाबद्दल ऑथेल्लोच्या मनात संशय पेरताना, तो तेच वाक्य बाहेर काढतो. नवीन काही रचत नाही. तुमच्याशी लग्न करताना तिनं बापाला फसवलंच होतं, एवढंच म्हणतो. आणि ऑथेल्लो मान डोलावतो, की हो, फसवलं होतं खरं.

मराठवाड्यात हे वाक्य कुणी ऐकलं नसेल असं मला वाटत नाही. ‘बापाची झाली नाही, ती तुझी काय होणार?’ पळून जाऊन लग्न केलेल्या पोरीच्या नवऱ्याला हे त्याची आई सुनावते, मित्र सुनावतात, आणि पहिल्या मोठ्या भांडणात तो स्वतःच ते बायकोच्या तोंडावर फेकतो. हे वाक्य बोलणारा प्रत्येक जण इयागो नसतो. पण इयागोला लागणारा दारूगोळा त्यानं घरात आणून ठेवलेला असतो. दोनशे वर्षं विद्वान मंडळी इयागोच्या मनाचा तळ शोधताहेत. माझं म्हणणं असं, की खलनायकाचं मन समजून घ्यायचं तर आधी त्याचं ऐकणाऱ्यांच्या मनात उतरायला हवं. आणि हा प्रश्न नाट्यशास्त्राच्या वर्गापुरता ठेवणं आपल्याला परवडणारं नाही, कारण आपल्या जिल्हा आवृत्त्यांमध्ये ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ ही बातमी पुन्हा पुन्हा येते, आणि त्या बातमीत नवरा असतो, मयत असते, हत्यार असतं, पोलीस ठाणं असतं. तो संशय त्या घरात कुणी आणून सोडला, हे कधीच नसतं.

आधी इयागोबद्दल. हे नाटक १ नोव्हेंबर १६०४ रोजी इंग्लंडच्या राजवाड्यात झाल्याची नोंद आहे. शेक्सपिअरनं कथा घेतली ती चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ सालच्या संग्रहातून. मूळ कथेतल्या दुष्टाचं कारण सरळ आहे. त्याचं सेनापतीच्या बायकोवर मन बसतं, ती दाद देत नाही, आणि प्रेमाचा द्वेष होतो. शेक्सपिअरनं हे एकुलतं एक कारण मोडून त्याच्या जागी चार-पाच कारणं पेरली. ऑथेल्लोनं आपल्याला डावलून कॅसिओ या दुसऱ्या अधिकाऱ्याला बढती दिली. इथं ज्येष्ठता बघत नाहीत, चिठ्ठी आणि वशिला बघतात. ऑथेल्लोचं आपल्या बायकोशी काही होतं अशी कुजबुज आहे. कॅसिओचंही तसंच असावं. आपल्यालाही डेस्डिमोना हवी आहे. आणि कॅसिओच्या रोजच्या जगण्यात असं काही देखणेपण आहे, की त्याच्यापुढं आपण कुरूप दिसतो. इतकी कारणं ऐकली की एकही पुरं पडत नाही. कवी-समीक्षक कोलरिजनं म्हणूनच लिहिलं, की हे विनाकारण दुष्टाव्यानं कारणांच्या शोधात फिरणं आहे. ब्रॅडली या समीक्षकानं १९०४ मध्ये त्याला दुखावलेल्या श्रेष्ठत्वाचा माणूस ठरवलं. पुढं मनोविश्लेषणवाल्यांनी त्यांची उत्तरं दिली, आणि आजचा मानसशास्त्राचा विद्यार्थी आत्मप्रेम, कपट आणि निर्ममता या तीन काळ्या गुणांचं खोकं उघडून इयागोला त्यात बसवतो.

या सगळ्यात थोडं थोडं तथ्य आहे. मला त्यातलं सगळ्यात खरं वाटतं ते हे, की इयागोला स्वतःच्या नजरेत अन्याय झालेला माणूस म्हणून राहायचंय. तो कारणं आपल्याला सांगत नसतो, स्वतःला सांगत असतो. ‘माझ्या बायकोबद्दलची कुजबुज खरी की खोटी मला माहीत नाही, पण नुसत्या संशयावरही मी ती खरी धरून चालेन,’ अशा अर्थाचं तो पहिल्याच अंकाच्या शेवटी बोलतो. हे लक्षात घ्या. ऑथेल्लोचं पुढं जे होणार आहे, ते इयागोनं स्वतःच्या मनाशी आधीच करून टाकलंय. पुराव्याशिवाय संशय पाळायचा आणि त्याच्यावर हुकूम बजावायचा, हा रोग त्याला स्वतःला जडलेला आहे. आणि जडलेला माणूसच तो इतक्या सफाईनं दुसऱ्याला देऊ शकतो.

पण त्याला सैतानी बुद्धीचा कसबी सूत्रधार म्हणणं मला पटत नाही. नाटक नीट वाचा. त्याच्याकडं आराखडा नाही. ‘आहे इथंच, पण अजून धूसर आहे,’ असं तोच म्हणतो. रॉडरिगो नावाचा एक मूर्ख पैसेवाला त्याला आयता मिळतो. कॅसिओला दारू सोसत नाही हे त्याला माहीत असतं, आणि दारूत दंगा करून कॅसिओ नोकरी घालवतो. ऑथेल्लोनं डेस्डिमोनाला दिलेला रुमाल तर त्याच्या हाती निव्वळ योगायोगानं पडतो. डेस्डिमोनाच्या हातून गळतो आणि तिची सोबतीण, इयागोची बायको एमिलिया उचलते. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी दुसरा त्याला पुढचं पाऊल टाकायला जमीन देतो. तो जवळजवळ सगळ्यांना फसवतो, आणि त्यातले बहुतेक जण त्याच्याविषयी एकच बोलतात, की हा सरळ माणूस आहे, मनात आहे तेच बोलणारा आहे. ऑथेल्लो म्हणतो, कॅसिओ म्हणतो. इयागोचं खरं भांडवल ही त्याची ख्याती आहे. गावात अशी ख्याती कुणाला मिळते ते आपल्याला ठाऊक आहे. जो फटकळ असतो, ‘मी बापाचीही भीड धरत नाही’ म्हणतो, अडीनडीला धावून येतो, मयतीला सगळ्यात आधी पोचतो, त्याला. अशा माणसाचं बोलणं तपासून घ्यायची आपल्याला सवय नसते.

आता तिसऱ्या अंकातला तो लांबलचक प्रवेश. जगातल्या रंगभूमीवर याच्याइतकं बारकाईनं कान भरणं दुसरं कुणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही. सुरुवात कशानं होते? कॅसिओ डेस्डिमोनाशी बोलून निघून जाताना दिसतो आणि इयागो पुटपुटतो, हे काही मला बरं वाटलं नाही. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? काही नाही, सरकार. मग थोड्या वेळानं एक साधा प्रश्न. तुमचं लग्न जुळत होतं तेव्हा कॅसिओला माहीत होतं का? होतं की, तो आमच्यामधे ये-जा करायचा. असं होय? का रे, काय झालं? काही नाही, सहज. इयागो एकही आरोप करत नाही. तो ऑथेल्लोचे शब्द त्यालाच परत देतो, मधे थांबतो, कपाळाला आठी घालतो. शेवटी ऑथेल्लोच हात जोडायला येतो, की तुझ्या मनात काय आहे ते सांगच. आणि इयागो वर त्यालाच समजावतो, की मत्सरापासून जपा बरं.

हेच आमच्या पारावर, चहाच्या टपरीवर, मोंढ्यात हमालांच्या सावलीला कसं होतं बघा. ‘जाऊ द्या अण्णा, आपल्याला काय करायचंय.’ ‘काय झालं?’ ‘काही नाही. लोक काहीबाही बोलायलेत.’ ‘काय बोलायलेत?’ ‘आपल्याला नाही पटत ते. वहिनी तशा नाहीत. पण तुम्ही जरा घराकडं लक्ष ठेवा.’ बोलणारा सुटला. त्यानं वहिनींची बाजूच घेतली. उद्या काही घडलं तर तो छातीवर हात ठेवून सांगू शकतो, की मी तर तिच्याबद्दल वाईट शब्द काढला नाही, आणि ते खरंच असेल. चुगली म्हटलं की आपल्याला नळावरच्या बायका आठवतात, मंथरा आठवते. माणूस मारायला लावणारी कुजबुज मात्र मी बहुतेक वेळा पुरुषांच्या बैठकीत ऐकली आहे, आणि तिथं तिला चुगली म्हणत नाहीत, काळजी म्हणतात.

ऑथेल्लोला हे खरं का वाटतं? लीव्हिस या समीक्षकानं १९३७ मध्ये सगळा ठपका ऑथेल्लोवर ठेवला होता, की हा स्वतःच्या प्रतिमेवर भाळलेला माणूस आहे, इयागो नसता तरी कोसळलाच असता. मला हे अर्धंच पटतं. ऑथेल्लो कोसळतो ती जागा अगदी ठरावीक आहे. इयागो म्हणतो, तिच्या देशाच्या, रंगाच्या, दर्जाच्या इतक्या मुलांची स्थळं आली आणि तिनं ती नाकारली, यातच काहीतरी विपरीत नाही का? म्हणजे आपल्यातला सोडून तुझ्याकडं आली, हाच तिच्या वाईट चालीचा पुरावा. यावर ऑथेल्लोनं इयागोला दरवाजा दाखवायला हवा होता. त्याऐवजी एकटा पडल्यावर तो स्वतःशी म्हणतो, मी काळा आहे म्हणून असेल, मला त्यांच्यासारखं गोड बोलता येत नाही म्हणून असेल, वय उतरणीला लागलंय म्हणून असेल. व्हेनिसनं त्याला सैन्य दिलं, मान दिला, ब्रॅबॅन्शिओनं स्वतः घरी बोलावून त्याच्या लढायांच्या कथा ऐकल्या. पण पोरीनं त्याला निवडल्याबरोबर त्याच ब्रॅबॅन्शिओनं जादूटोण्याचा आळ घातला. आपण कुणाच्या प्रेमाला लायक नाही, ही गोष्ट त्या शहरानं त्याच्या मनात इतकी खोल पुरली होती, की एका सुशील बाईनं आपल्याला स्वतःहून पसंत केलं यावर त्याचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्यांकडं आपला समाज जसा बघतो, तसं बघणारी माणसं या नाटकात जागोजाग आहेत. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतली मुलगी, खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीतला मुलगा. गाव त्यांना एकदाच मारायला येतं असं नाही. काही जोडपी शहरात जातात, संभाजीनगरला वाळूजच्या कारखान्यात कामाला लागतात, खोली घेतात, पोरंबाळं होतात. मग पाच-सात वर्षांनी कुणी नात्यातला येतो आणि सहज बोलून जातो, की तिचं काय, तिला कुणीही चालतं. आधी तिच्या माहेरानं नाकारलं, आता नवऱ्याच्या मनानं नाकारायचं. इयागोला जातीची चीड असेल-नसेल, पण जात त्याच्या हातातलं सगळ्यात चांगलं अवजार आहे. आपण जात मोडल्याच्या लग्नांना पन्नास हजारांचं सरकारी अनुदान देतो आणि जोडप्याच्या आजूबाजूचं बोलणं तसंच राहू देतो.

पुराव्याबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण इथंच ऑथेल्लोचा गुन्हा आहे आणि तो इयागोच्या माथी मारून चालणार नाही. ऑथेल्लो मोठ्या आवेशात म्हणतो, मला डोळ्यांनी दिसेल असा पुरावा दे. बरोबर मागणी आहे. मग त्याला काय मिळतं? कॅसिओ झोपेत काय बरळला याची इयागोनं सांगितलेली गोष्ट. आणि एक रुमाल, तोही दुसऱ्याच्या हातात दिसलेला. त्यानं स्वतःच ठरवलेली कसोटी तो स्वतःच खाली आणत जातो, कारण तोवर त्याचा निकाल लागलेला असतो आणि पुरावा फक्त सोपस्कार उरलेला असतो. चौथ्या अंकात तो एमिलियाला खोदून विचारतो. ती छातीठोकपणे सांगते, की माझ्या बाईसाहेब निर्मळ आहेत, यावर मी माझा जीव गहाण टाकते. घरातली, रात्रंदिवस सोबत असलेली साक्षीदार! तिची साक्ष तो फेकून देतो, ही असंच बोलणार म्हणतो. कॅसिओला तर एकदाही विचारत नाही.

आज रुमालाच्या जागी मोबाइल आहे. रात्री साडेअकराला ऑनलाइन होती. कुणाचा तरी मिस्ड कॉल होता. स्टेटस कुणी कुणी बघितलं त्यात त्याचं नाव होतं. पासवर्ड सांगत नाही. पासवर्ड सांगितला तर मग आधीच डिलीट केलं असणार. एकदा ही वाट धरली की तिचा प्रत्येक निर्दोषपणा नवा पुरावा होतो. डेस्डिमोना कॅसिओची नोकरी परत मिळावी म्हणून कळवळून रदबदली करते, ती तिची माया, आणि तेच तिच्यावर उलटतं. इयागो एके ठिकाणी म्हणतोच, की तिच्या चांगुलपणातूनच मी सगळ्यांना अडकवणारं जाळं विणेन. एमिलियानं हे सगळ्यात नेमकं सांगितलंय: संशयी माणसं कारणामुळं संशय घेत नाहीत, संशयी आहेत म्हणून संशय घेतात, ते आपल्याच पोटी जन्मलेलं भूत आहे.

१९५५ मध्ये टॉड आणि ड्यूहर्स्ट या दोन मनोविकारतज्ज्ञांनी जोडीदाराच्या बदफैलीपणाच्या भ्रमाला ‘ऑथेल्लो सिंड्रोम’ असं नाव दिलं. असा आजार असतो, त्यात दारूचा हात मोठा असतो, त्याला उपचार लागतात, आणि घरच्यांनी तो वेळीच ओळखला तर जीव वाचतात. यावर माझा आक्षेप नाही. पण त्या आजाराच्या माणसाला इयागो लागत नाही, त्याचा मेंदूच ते काम करतो. ऑथेल्लोला इयागो लागला, ब्रॅबॅन्शिओ लागला, व्हेनिस लागलं. आपल्याकडच्या प्रत्येक घटनेनंतर ‘तो मनोरुग्णच होता’ किंवा ‘दारूच्या नशेत केलं’ असं म्हणून गाव मोकळं होतं. नशा खरी असते, कधी आजारही खरा असतो. नशेत माणूस जे बोलतो ते शब्द मात्र त्याच्या डोक्यात दिवसा, शुद्धीवर असताना, शुद्धीवरच्या माणसांनी टाकलेले असतात.

दारूचा विषय निघाला म्हणून आठवलं. आपल्या रंगभूमीवर १९१९ मध्ये आलेल्या ‘एकच प्याला’तला तळीराम हाही असाच. सुधाकर हुशार वकील, पण न्यायाधीशाशी खटका उडून त्याची सनद काही काळासाठी जाते, भर कोर्टात नाक कापलं जातं, आणि त्या घडीला तळीराम प्याला पुढं करतो. गडकऱ्यांनी आधी जखम दाखवली आणि मग तळीरामाला आणलं. प्रयोग बघून बाहेर पडताना लोकांच्या तोंडी तळीरामाच्या गमती असतात. त्या जखमेची, त्या ताठ्याची चर्चा कमी होते.

पैठणच्या नाथांनी विंचवाच्या भारुडात ‘कामक्रोध विंचू चावला’ म्हटलं, आणि उतारा सांगितला तोही आतलाच, की तमोगुण मागे सारा, सत्त्वगुणाचा अंगारा लावा. माझ्या आजोळी हे भारूड ऐकतच मी लहानाचा मोठा झालो आणि त्यातलं शहाणपण मी मानतो. तरीही मला नाथांच्या पुढं एक पाऊल टाकावंसं वाटतं. विंचू आतला आहे हे खरं, पण काही घरांत विंचवाला रोज दूध पाजलं जातं. ते पाजणारे हात बाहेरचे असतात.

त्यातले काही हात तर प्रेमाचे असतात. बीड, परभणी, जालन्याच्या ऊसतोड मजुराच्या घरात बघा. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते ती पाच-सहा महिने फडावर, नवरा-बायको दोघं एका कोयत्यावर. मागं म्हाताऱ्या आजीजवळ वयात येणारी पोरगी ठेवायची तर बापाचं काळीज थाऱ्यावर राहत नाही. उद्या काही झालं तर तोंड कसं दाखवायचं? मग तिचं चौदा-पंधराव्या वर्षी लग्न उरकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के होत्या, बीडमध्ये ४३.७ आणि परभणीत ४८ टक्के. या आकड्यांमागं गरिबी आहे, स्थलांतर आहे, शाळा लांब असणं आहे. पण बापाच्या मनातली ती भीतीही आहे, आणि तिचा अर्थ असा निघतो, की पोरगी म्हणजे कधीही फसवणारं माणूस. या भीतीनं जिचं लग्न लागलं ती नवऱ्याच्या घरी जाते तेव्हा ब्रॅबॅन्शिओचं वाक्य तिच्या आधीच उंबरा ओलांडून आत गेलेलं असतं. ‘लवकर उजवली ते बरं झालं, नाहीतर पोरींचा काय भरवसा’ हे तिनं हळदीच्या दिवशीच ऐकलेलं असतं. नवऱ्यानंही ऐकलेलं असतं.

कुणी म्हणेल, तुम्ही दोष असा वाटून टाकलात की इयागोही सुटला आणि ऑथेल्लोही. मला तसं अजिबात म्हणायचं नाही. खून करणारा खुनी आहे. ऑथेल्लो शेवटी स्वतःला काय म्हणवून घेतो? हवं तर मला इज्जतीखातर मारणारा खुनी म्हणा, मी द्वेषानं काही केलं नाही, सगळं अब्रूसाठी केलं. नाटकातलं हे मला सगळ्यात घाण वाटणारं वाक्य आहे, आणि ते खलनायकाच्या तोंडी नाही, नायकाच्या तोंडी आहे. डेस्डिमोना मरताना, हे कुणी केलं असं विचारलं तर सांगते, कुणी नाही, मीच. तो अब्रूसाठी मारतो आणि ती त्याची अब्रू झाकत मरते. आमच्या जिल्हा रुग्णालयांच्या जळित वॉर्डात ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असे जबाब किती बायांनी दिले असतील, याचा विचार हे वाक्य वाचताना माझ्या मनातून जात नाही.

कायद्यानं अब्रूचा हा युक्तिवाद किती चालू द्यायचा, हे आपल्याकडं, बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटीच्या खटल्यात कसाला लागलं. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अचानक प्रक्षोभाची सबब नाकारली, कारण बायकोनं कबुली दिल्यापासून गोळी झाडेपर्यंत मधे सुमारे तीन तास गेले होते, आणि त्या वेळात त्यानं बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्वर घेतलं. तेवढ्या वेळात माणूस स्वतःला आवरू शकतो, हे न्यायालयाचं म्हणणं. समाजानं मात्र तेव्हा नानावटीला डोक्यावर घेतलं होतं. आणि २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात एक गोष्ट फार मोलाची आहे, जी गावात जवळपास कुणाला माहीत नसते. त्या कायद्याखाली तक्रार नोंदवण्याचा जो नमुना आहे, त्यात शाब्दिक आणि भावनिक छळाच्या यादीत चारित्र्यावर वा वागण्यावर आळ घेणं, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे हात उचलेपर्यंत वाट बघायची गरज नाही. संशय घेत राहणं, रोज त्यावरून बोलणं, हीच हिंसा आहे, असं कायदा म्हणतो.

म्हणून मला काही गोष्टी मनापासून व्हाव्याशा वाटतात. पोलिसांनी अशा खुनाच्या तपासात, त्याला हे कुणी सांगितलं, कधी सांगितलं, हा प्रश्न विचारून जबाबात उतरवावा. दुष्प्रेरणेचा, म्हणजे चिथावणीचा, गुन्हा प्रत्येक वेळी सिद्ध होणार नाही, पण आपलं नाव कागदावर येऊ शकतं एवढी जाणीव पारावरच्या बैठकीला पुरेल. पत्रकारांनी बातमीत तेवढंच शोधावं. आणि आपल्या नाटकवाल्यांनी, विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातल्या, युवक महोत्सवातल्या, राज्य नाट्य स्पर्धेतल्या पोरांनी इयागो उभा करताना तो भेसूर हसणारा, तिरका चालणारा, डोळे गरगर फिरवणारा करू नये. देवलांनी १८९० मध्ये ‘झुंझारराव’ लिहून हे नाटक मराठी मातीत लावून दाखवलंच आहे. आता ते मराठवाडीत बोलू द्या. ‘लोक काहीबाही बोलायलेत’ हे वाक्य परभणीच्या नाट्यगृहात रंगमंचावरून आलं, आणि ते बोलणारा गोड, कामसू, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा माणूस असला, तर प्रेक्षकातला प्रत्येक जण आपण ते शेवटचं कधी बोललो हे आठवेल.

या नाटकात इयागोला थांबवणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती ना सेनापती आहे ना सरदार. ती त्याची बायको आहे. एमिलिया साधी बाई. नवऱ्याची मर्जी राखायची म्हणून तिनं रुमाल उचलून त्याला दिला. का हवा आहे, हे विचारून पाहिलं, उत्तर मिळालं नाही, गप्प बसली. चौथ्या अंकात ती चिडून म्हणते, कुणीतरी हलकटानं पद मिळवायला ही कंडी पिकवली असणार, आणि तो हलकट शेजारीच उभा असतो. तिला तेव्हा पुरतं कळलं होतं का? मला वाटतं, अर्धं कळलं होतं, आणि उरलेलं अर्धं कळून घ्यायची तिची हिंमत नव्हती. आमच्या घरांतल्या जावा, नणंदा, सासवा, भिंतीपलीकडच्या शेजारणी याच अवस्थेत असतात. कोण काय बोलतं, कुणाच्या डोक्यात काय शिजतंय, त्यांना सगळ्यात आधी कळतं.

शेवटी डेस्डिमोनाचं प्रेत समोर बघून ती तोंड उघडते. इयागो तिला गप्प हो म्हणतो, घरी जा म्हणतो. ती जमलेल्या लोकांना सांगते, की याचं ऐकणं माझं कर्तव्य आहे, पण आत्ता नाही; आणि नवऱ्याकडं वळून म्हणते, इयागो, कदाचित मी आता कधीच घरी येणार नाही. इयागो तिला तिथंच भोसकतो. मी पाहिलेल्या स्पर्धेच्या प्रयोगांमध्ये वेळेत बसवायचं म्हणून सगळ्यात आधी कात्री लागते ती एमिलियाच्या प्रवेशांना. तसं करू नका, एवढं दिग्दर्शकांना कळकळीनं सांगणं आहे.

आणि गावाला सांगणं आहे ते त्या एका वाक्यावरूनच. घरी जाणार नाही, असं म्हणणाऱ्या बाईनं जायचं कुठं? बोलत का नाहीत म्हणून आपण बायकांना दोष देतो. जाऊबाईसाठी साक्ष द्यायला पुढं आलेल्या बाईला त्या रात्री स्वतःच्या नवऱ्याच्या घरात परत जायचं असतं. घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १७ नं छळ सोसणाऱ्या स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिलाय. घर तिच्या नावावर असो नसो, कायद्यानं ठरवलेल्या रीतीशिवाय तिला काढता येत नाही. त्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात आणि महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाणीपट्टीची थकबाकी आणि योजनांची यादी रंगवलेली असते. तिथं हे कलम, हा क्रमांक आणि त्या अधिकाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात रंगवायला डबाभर रंग आणि एक ठराव लागतो. येत्या ग्रामसभेत तो ठराव मांडावा.